झोपेचा उंट

मुतलकची बायको नौफा आंधळी होत चालली होती आणि तिला घरी जायचं होतं. गोष्ट एवढीच आहे. बाकी सरकार, कायदा, खून, गव्हर्नरची कचेरी हे सगळं त्या बाईच्या आणि तिच्या घराच्या मध्ये येऊन बसलं, म्हणून सांगायचं.

घर नुवैऱ्यात, मृत समुद्राच्या वरच्या डोंगरात. ती राहत होती झरक्याला, तेलाच्या कारखान्याच्या वासात, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. डोळ्यांत दाब वाढला होता. डॉक्टर म्हणाला, कडेचं दिसणं गेलं ते गेलं, मधलंही फार दिवस राहणार नाही. नौफानं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर नवऱ्याला, मुलाच्या नावानं हाक मारत, म्हणाली, "अबू आएद, नुवैऱ्यात मी डोळे मिटून विहिरीवर जाऊन येईन. भिंत कुठं वळते, पायरी कुठं फुटलीय, सगळं हाताला पाठ आहे. इथं मी आजच आंधळी आहे. आहे तो उजेड संपायच्या आत मला घरी न्या."

"बघतो," मुतलक म्हणाला.

"सात वर्षं बघताच आहात."

 मुतलक तसाही कमी बोलायचा. पण या गप्प बसण्याला एक कारण होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मुतलक जन्मभर गव्हर्नरच्या कचेरीत कॉफी करायचा. हसू नका. आमच्याकडे कॉफी करणाऱ्याला जे ठाऊक असतं ते वकिलाला नसतं. खून झाला की पोलीस येतात, कोर्टात खटला चालतो, सगळं रीतसर होतं. पण त्याआधी, रक्त तापलेलं असताना, दोन्ही घरांचे वडीलधारे गव्हर्नरच्या खोलीत बसतात. तह होतो, जामीन ठरतात, आणि खुन्याच्या भाऊबंदांनी गाव सोडून कुठं जायचं तेही तिथंच ठरतं. ज्यांनी काही केलं नाही त्यांनीही जायचं. मेलेल्याच्या आईला रोज त्यांची तोंडं दिसू नयेत, आणि कुणाचा हात सुऱ्याकडे जाऊ नये, म्हणून.

कुणी जायचं हे खंजिरावर ठरतं. एक जाणता माणूस मुठीत खंजीर धरतो आणि ज्याची मोजणी चालली आहे त्याची नि खुन्याची पिढी मागं कुठं जुळते ते मोजत एकेक बोट उचलतो. पाचव्या बोटापर्यंत गेलं तर खंजीर खाली पडतो आणि तो माणूस सुटला. पहिल्या तीन बोटांवरच्यांना सुटका नाही. आणि चौथं बोट? चौथ्या बोटावरच्या माणसानं मेलेल्याच्या घरी एक उंट नेऊन बांधायचा आणि आपल्या घरी निवांत झोपायचं. त्याला म्हणतात झोपेचा उंट. पुढंपुढं उंटाऐवजी पैसे दिले तरी चालायचं, नाव मात्र तेच राहिलं.

हे सगळं मुतलकला बापाकडून आलं होतं. बाप उंटावरच्या वाळवंटी पोलिसात होता. तेव्हा कुणी एक इंग्रज अधिकारी तंबूतंबूतून फिरायचा, म्हाताऱ्यांना विचारायचा, तुमच्यात खुनाला काय करतात, पळवलेल्या घोडीला काय करतात, आणि लिहून घ्यायचा. बाप म्हणायचा, "आमच्या तोंडात दर वेळी थोडं इकडंतिकडं व्हायचं, माणूस बघून कमीजास्त व्हायचं. त्यानं एकदाच लिहिलं आणि त्याचा कायदा झाला." इंग्रज गेले. आमचं सरकार आलं, त्यानं तोच कायदा पुढं चालवला. मग मुतलक विशीत असताना, कचेरीत नुकताच चिकटला होता तेव्हा, सरकारनं तो रद्द केला. भावकीची कोर्टं बंद. शिकलेल्या कारकुनांनी बाकलावा वाटला, आता आपणही जगात आलो म्हणून. पंधरवडाही गेला नसेल, खालच्या आळीत सुरा चालला आणि गव्हर्नरनं घंटी वाजवली. "मुतलक, कॉफी ठेव. मोठं भांडं घे."

झालं. कायदा गेला, पण काम काही गेलं नाही. ते कुठंतरी व्हायला हवं होतं, तर ते गव्हर्नरच्या टेबलाशी येऊन बसलं. आधी त्याला निदान लिहिलेल्या ओळी तरी होत्या, आता त्याही नव्हत्या. गव्हर्नर यायचे राजधानीतून. दोन-तीन वर्षं राहायचे, बदली होऊन जायचे. त्यांना बोटं कुठली आणि खंजीर कुठला! ते कॉफी करणाऱ्याला हळूच विचारायचे.

मुतलकला हे आवडायचं. आवडणारच. दारातला माणूस एकदम मानाचा माणूस झाला. खंजीर त्याच्या हाती आला. शेख लोक आत जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून जायचे.

असाच एक गव्हर्नर, घाबरट स्वभावाचा, दुसऱ्याच महिन्यात खुनाच्या प्रकरणात सापडला. बैठक संपल्यावर त्यानं मुतलकला थांबवलं. "ते उंटाचं काय म्हणत होते रे म्हातारे? चौथ्या बोटाच्या घरांना ठेवून घ्यायचं की काय?"

त्या दिवशी मुतलक थकला होता. सकाळपासून कॉफी कुटून त्याचा खांदा धरला होता. त्याला घरी जायचं होतं. तो म्हणाला, "साहेब, कशाला नसती भानगड? सगळ्यांनाच हलवा. एखादा मागं राहिला आणि त्याला काही झालं, तर तुमच्या नोकरीवर येईल."

गव्हर्नरला ते पटलं. चार ट्रक जास्त मागवले.

त्या जास्तीच्या ट्रकांपैकी एकात फिद्दा होती. नुवैऱ्याचीच मुलगी, गावातल्या हाजी अव्वादची धाकटी बहीण, लग्न होऊन चौथ्या बोटावरच्या त्या घरांत गेलेली. मुतलक लहानपणी तिच्याबरोबर शेळ्या राखायचा. ती ट्रकमध्ये गाद्यांवर बसली होती, मांडीवर कोंबड्यांचं खुराडं. मुतलक चहा वाटत तिथवर आला तेव्हा तिनं विचारलं, "मुतलक, तुला तर सगळं कळतं. आमचं चौथं बोट आहे ना रे? आम्हाला का नेतात?"

"सरकारी हुकूम आहे, फिद्दा," तो म्हणाला.

ती अझरकला, खारट जमिनीत राहिली आणि तिथंच मेली. तिथंच तिला पुरलं. त्यानंतर कुठल्याच गव्हर्नरनं उंटाचं विचारलं नाही. आधी चुकून झालं, मग सवयीनं, आणि पुढं कचेरीत सगळे सांगू लागले की आपल्याकडे अशीच रीत आहे, पूर्वीपासून.

मुतलक निवृत्त झाला. नौफा दह्याचे गोळे वाळवायची, जमीद करायची. मीठ बेतात, आणि गोळा फोडला की आतून पांढरा शुभ्र. लग्नाच्या पंगतींना लोक तिच्याकडूनच न्यायचे. मुलगा आएद कुवेतला गेला. दिवस बरे चालले होते. मग एका उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं, आणि मुतलकच्या चुलतभावाचा नातू सत्ताम, डोकं फिरलेलं पोर, यानं हाजी अव्वादच्या मुलाला, हमदला, भोसकलं. हमद टँकरच्या चाकाशीच गेला.

कचेरीत मोजणी झाली. खंजीर आता दुसऱ्याच्या हातात होता. मुतलकच्या घरावर चौथं बोट उचललं गेलं. तो उठून लेफ्टनंट राकानपाशी गेला. गव्हर्नरच्या वतीनं हे सगळं राकानच बघायचा.

"बेटा, माझं चौथं बोट आहे. मी झोपेचा उंट देतो. हाजी अव्वादला निरोप धाड."

राकाननं आदरानं त्याचा हात धरला. तो काही वाईट पोरगा नव्हता. "काका, असं काही आपल्याकडे नसतं. सगळेच जातात. तुम्ही इतकी वर्षं इथं होतात, तुम्हाला मी काय सांगू?"

मुतलकच्या तोंडात आलं होतं, अरे, असतं, मीच मोडलं. पण खोलीत माणसं होती. त्यातल्या दोघांची घरं त्याच्या समोर ट्रकमध्ये चढली होती. त्यानं राकानच्या हातातून हात सोडवून घेतला. तो घरी आला आणि नौफाला म्हणाला, "सामान बांध. सरकारी हुकूम आहे."

तेच शब्द. त्याला ते ऐकू आले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. नौफानं भांडी बांधली.

आता सात वर्षांनी नवा नियम आला होता. वरून, राजधानीतून. यापुढं खुनी, त्याचा बाप, भाऊ, मुलं एवढ्यांनीच गाव सोडायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. नौफाच्या बहिणीनं फोन करून सांगितलं. नौफा रडली, हसली, आणि तिनं त्याच दिवशी परत सामान बांधायला काढलं.

मुतलक बस पकडून आपल्या जुन्या कचेरीत गेला. कॉफीला आता यंत्र होतं, कागदी पेल्यात यायची, पांचट. गव्हर्नर तरुण होता, बाहेर शिकून आलेला. खुर्चीतून उठून भेटला.

"काका, तुम्ही नियमात बसता. उद्या जायचं म्हणालात तर मी गाडी देतो, पोलीस देतो."

"देव तुमचं भलं करो."

"फक्त एक करा," गव्हर्नर म्हणाला. "हाजी अव्वादची संमती आणा. नियमात नाही ते, मला माहीत आहे. पण एखादा परत गेला आणि त्याला काही झालं, तर माझ्या नोकरीवर येईल."

मुतलकनं टेबलाची कड धरली. "साहेब, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला पाहिजे?" गव्हर्नर हसला. "या खुर्चीत बसलं की कळतंच. माझ्या आधीचेही हेच करायचे."

मुतलक बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. कुणीतरी त्याला ओळखून पाणी आणून दिलं. नवा नियम जुन्या खुर्चीत बसला होता, आणि खुर्चीत तो स्वतः बसलेला होता, इतक्या वर्षांपूर्वीचा, खांदा दुखतोय म्हणून घरी जायच्या घाईत असलेला. 

हाजी अव्वादच्या दारात एकट्यानं जाता येत नाही. वजनदार माणसं पुढं घालावी लागतात. मुतलकनं जुन्या ओळखीचे दोन शेख विनवून आणले आणि गव्हर्नरनं राकानला बरोबर दिलं. सात वर्षांनी तो नुवैऱ्यात शिरला, तोही मान खाली घालून, कुणाच्या नजरेला नजर न देता.

हाजीची बैठक माणसांनी भरली होती. थंडीचे दिवस, मधे शेगडी. हाजी म्हातारा झाला होता, मुलगा गेल्यापासून जास्तच. त्याच्या नातवानं मुतलकच्या हातात कॉफीचा पेला दिला. मुतलकनं तो न पिता पुढं सतरंजीवर ठेवला. आमच्याकडे मागायला आलेला माणूस असंच करतो. मागणं मान्य झाल्याशिवाय तो पेला उचलायचा नाही, आणि पेला न पिता पाहुणा उठला तर यजमानाची अब्रू जाते. सगळ्यांची नजर पेल्यावर होती.

"बोल, मुतलक," हाजी म्हणाला.

"हाजी, नौफाचे डोळे चाललेत. तिला घरी यायचंय. नवा नियम आहे, पोलीसही देतात म्हणे. पण मला तुमच्या दारावरून पोलीस घेऊन जायचं नाही. तुम्ही हो म्हणालात तर येऊ."

हाजीनं फार वेळ घेतला नाही. "पी कॉफी. दिलं तुला."

बैठकीत सुटका झाल्यासारखा आवाज झाला. शेखांनी देवाचं नाव घेतलं. मुतलकनं हात पुढं केला, तेवढ्यात हाजी सावकाश बोलू लागला.

"खरं सांगू का, तुला मी घालवलंच नव्हतं. हमदला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी या पोराला," त्यानं राकानकडे बोट केलं, "सांगितलं होतं, चौथ्या बोटाच्या घरांना उंट देऊन राहू द्या. मुतलकशी माझं काही वैर नाही. हा म्हणाला, हाजी, अशी रीतच नाही."

राकान जमिनीकडे बघत होता.

"आणि ही काही पहिली वेळ नाही," हाजी म्हणाला. "माझ्या फिद्दाला नेलं तेव्हाही मी कचेरीत गेलो होतो. तेव्हाही हेच सांगितलं, अशी रीत नाही. सरकारची कचेरी, तिथली माणसं शिकलेली, ती खोटं कशाला बोलतील? मी घरी येऊन म्हटलं, आपला बापच चुकीचं सांगून गेला असेल. बाप वारल्यावर इतक्या वर्षांनी मी त्याला खोटा ठरवला. अजूनही कळत नाही मला, कोण बरोबर ते. तू कचेरीत होतास, मुतलक. तू सांग. होता का झोपेचा उंट, की माझा बाप बरळत होता?"

पेला हातभर अंतरावर होता. दोन घोट. 'काय माहीत हाजी, जुन्या गोष्टी' एवढं म्हणून प्यायला असता तर नौफा दुसऱ्या दिवशी घरी असती, आणि तोही. त्याला विहीर दिसली, फुटकी पायरी दिसली. आणि समोर हा म्हातारा, बापाची साक्ष काढणारा.

मुतलकनं हात मागं घेतला.

"होता, हाजी. तुमचे वडील बरोबर होते. उंट मी मोडला."

तो पेल्याकडे बघत पुढं बोलत राहिला.

"गव्हर्नरनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, कशाला भानगड, सगळ्यांना हलवा. मला घरी जायचं होतं. फिद्दानं मला ट्रकमधून विचारलं, आमचं चौथं बोट ना? मी म्हणालो, सरकारी हुकूम आहे. हुकूम माझाच होता."

हाजीचा नातू अर्धवट उठला. हाजीनं त्याच्याकडे न बघता त्याला खाली बसवलं.  हाजीच्या गालावरून पाणी दाढीत गेलं, ते त्यानं पुसलं नाही.

"नौफाला घेऊन ये," शेवटी तो म्हणाला. "तिचा काय दोष? तिची बहीण आहे, माझ्या सुना आहेत, आम्ही तिला काही कमी पडू देणार नाही. तू मात्र येऊ नकोस. मी जिवंत आहे तोवर नाही, आणि माझ्यामागं मुलांनाही सांगून ठेवीन."

राकान पुढं सरकला. "हाजी, माफ करा, पण नवीन नियमाप्रमाणे तुम्हाला त्यांना अडवता येत नाही. उद्या मी स्वतः पोलीस घेऊन त्यांना घरात बसवू शकतो. काका आज सांगतात ते इतक्या वर्षांपूर्वीचं, त्याचा याच्याशी काय संबंध?"

"राकान, बेटा," मुतलक म्हणाला, "गप्प बस."

"काका, हा तुमचा हक्क आहे."

"असेल. तू आता कचेरीत जा, आणि जो कुणी विचारेल त्याला सांग की चौथ्या बोटाला उंट असतो. नियमात लिहिलंय म्हणून नाही. तो आधीपासून होता म्हणून सांग. एवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

मग त्यानं पेला उचलला आणि गार झालेली कॉफी प्यायला. बायकोचं घर त्यात आलं आणि त्याचं गेलं.

नौफाला त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, ती गाद्यांना दोरी बांधत होती तेव्हा. एका दमात, सगळं. दोरी तिच्या हातातच राहिली.

"मला हे ट्रकमध्ये चढायच्या आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"सांगून काय झालं असतं?"

"मी हाजीच्या बायकोकडे गेले असते. बायकांच्या दारानं. ती आतून बोलली असती, मी जमीद विकून उंटाचे पैसे भरले असते, आणि सात वर्षं आपण आपल्या घरी झोपलो असतो. तुम्हाला कचेरीच दिसली. मी शेजारी होते, मी नाही दिसले."

 तिनं दोरीची गाठ मारली, नीट ओढून पाहिली. मग म्हणाली, "फिद्दा माझ्या लग्नात मेंदी लावायला आली होती. तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"मग बरं," ती म्हणाली. ते बरं कशाचं होतं, त्यानं विचारलं नाही.

भाड्याच्या पिकअपमधून ते निघाले.  वाटेत कतराना गाव आलं तेव्हा तिनं विचारलं, तुमची औषधं त्या निळ्या पिशवीत ठेवलीत, सापडतील ना. नुवैऱ्याच्या वळणावर मुतलकनं गाडी थांबवायला सांगितली आणि तो उतरला. पुढं जायचं नव्हतं. नौफाची बहीण वळणावर उभी होती. तिनं मुतलककडे पाहिलंही नाही, तिला कळलं असणार. सामान घेऊन पिकअप पुढं गेली. नौफा म्हणाली, मी चालत येते.

"हात धरू का?" बहिणीनं विचारलं.

"नको. इथून मला येतं."

ती वळणाच्या दगडी बांधाला हात लावून चालू लागली. सुरुवातीला चाचपडत, मग सरळ. हाजीच्या घरापाशी भिंत आत वळते तिथं ती बरोबर वळली. झरक्यात एवढ्या वर्षांत ती इतकी ताठ चाललेली मुतलकनं पाहिली नव्हती. ती मागं वळली नाही. वळली असती तरी इतक्या लांबून तिला तो दिसला नसता. हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी ती दाराआड जाईपर्यंत तो हात हलवत राहिला.